बार्शीटाकळी ते बडनेरा, मार्गे आभाळ

आमच्या अकोल्याच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली होती. चटया गुंडाळता गुंडाळता शेजारच्या एका निवृत्त तलाठ्यानं मला विचारलं, "सर, पोरगी बंगलोरले नेमकं काय करते?"

"उपग्रहांचं काम आहे तिचं."

"सोडते काय उपग्रह?"

"सोडत नाही. ते एकमेकांशी बोलतात ना, त्याचं."

"काय बोलतात?"

मी चटई कोपऱ्यात उभी केली आणि म्हणालो, "विचारून सांगतो."

मूर्तिजापूरच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही की असंच म्हणायचं, घरी पुस्तकं चाळायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं, ही माझी रीत होती. पण हा प्रश्न घरी आणून उपयोग झाला नाही. बायको म्हणाली, "लेझरचं आहे काहीतरी. तुमालेच नाही मालूम, तर मले काय मालूम?" लेक इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि फोनवर आम्ही तिघं जेवण, तब्येत आणि तिकडच्या पावसाच्या पुढे कधी गेलोच नव्हतो. मला त्या दिवशी त्याचं फार नवल वाटलं. लाज नाही, नवलच.

संध्याकाळी फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, मी येऊनच राहिली. हिवाळ्यात चाचणी आहे, आपल्याकडंच. तुमचं काम पडणार आहे मले."

माझं काम म्हणजे माणसांशी बोलायचं. तिची कंपनी लहान होती. त्यांना कोरडं आभाळ आणि मोकळी सपाट जमीन पाहिजे होती आणि ती वऱ्हाडात आहे हे लेकीनंच त्यांना सुचवलं होतं. वरच्या परवानग्या त्यांच्या त्यांनी काढल्या. पण ज्या गावांवरून त्यांचा फुगा जाणार, तिथं सरपंचाला, पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवायला ओळखीचं माणूस हवं होतं. मूर्तिजापूर तालुक्यात माझे विद्यार्थी गावोगाव आहेत.

ती आली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडी घेऊन निघालो. मी म्हणालो, "आधी मले समजाव. मंग मी लोकाइले समजावतो."

"दोन उपग्रह आहेत समजा," ती म्हणाली. "एकमेकांकडं लेझरचा किरण सोडून माहिती पाठवतात. रेडिओपेक्षा कितीतरी जास्त माहिती जाते त्याच्यानं. पण किरण सरळ जाते. दोघं लांब गेले की मधात पृथ्वीची गोलाई येते. दिसणं बंद, बोलणं बंद."

"बरं."

"मंग मधात कोणीतरी लागते, दोघांलेही दिसणारं. आमी तिथं फुगा ठेवून राहिलो. विमानं उडतात त्याच्याही वर, ढगांच्या वर. त्याच्या खाली एक पेटी टांगलेली. पेटीनं एकाचा किरण घ्यायचा आणि दुसऱ्याकडं वळवायचा."

"थांब. उपग्रह फुग्याच्याही वर?"

"लयच वर."

"मंग वरच्याइले खालच्याचा काय उपयोग? मधात तिसरा उपग्रहच काहून नाही ठेवत?"

"ठेवतात ना. पण तो पळत राहते, अन् बिघडला तर हातात येत नाही. फुगा खाली उतरवून दुरुस्त करता येते."

मी मान हलवली. वर्गात न समजलेली मुलं कशी मान हलवतात हे मला चांगलं माहीत आहे. तशीच हलवली.

चाचणीचा बेत मात्र लवकर डोक्यात शिरला. खरे उपग्रह यात नव्हतेच. एका उपग्रहाच्या जागी बार्शीटाकळीच्या एका मोकळ्या मैदानातलं यंत्र, दुसऱ्याच्या जागी बडनेऱ्याच्या एका इमारतीच्या गच्चीवरचं यंत्र. बार्शीटाकळीहून बडनेरा दिसत नाही हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. फुगा बार्शीटाकळीहून सुटणार, हिवाळ्यातलं वरचं वारं त्याला पूर्वेकडं नेणार आणि तो मूर्तिजापूरच्या वर आला की दोघांनाही दिसणार. तेवढ्या वेळात निरोप इकडून तिकडं पोचवायचा.

गावात सांगायला बसलो की मात्र माझा गोंधळ व्हायचा. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावात पारावर दहा-बारा माणसं जमली. एकानं विचारलं, "लेझर मंजे ते डोळ्याच्या आपरेशनचं काय?" अकोल्याला डोळे दाखवून आलेली एक म्हातारी लगेच पुढं सरकली. वरून तो किरण डोळ्यात गेला तर काय, असं तिचं म्हणणं. मी गाडीजवळ थांबलेल्या लेकीला विचारून आलो आणि सांगितलं, "खाली येईस्तोवर तो पसरते, कमजोर होते. काहीच होत नाही. तो तर दिसतही नाही."

"दिसतही नाही?" म्हातारी म्हणाली. "मंग मी त्याच्यापासून वाचू कशी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. धीर द्यायला सांगितलेल्या गोष्टीनं भीती वाढली होती. शेवटी लेक स्वतः आली, म्हातारीच्या शेजारी बसली, तिच्या चष्म्याबद्दल, थेंबांच्या औषधाबद्दल बोलली आणि मग टीव्हीच्या रिमोटमधूनही न दिसणारा उजेड निघतो हे तिला सांगितलं. म्हातारीचं किती समाधान झालं कोण जाणे. पण ती म्हणाली, "पोट्टी चांगली आहे," आणि बाकीच्यांनी तेवढ्यावर विषय मिटवला.

चाचणीच्या दिवशी पहाटेच बार्शीटाकळीहून फुगा सुटला. लेक आणि मी बडनेऱ्याच्या गच्चीवर होतो. उजाडलं, खाली स्टेशनावर गाड्यांची ये-जा सुरू झाली आणि आमच्या यंत्राची दुर्बीण मूर्तिजापूरच्या दिशेला, आभाळात वर तोंड करून बसली. फुगा डोळ्यांना दिसत नव्हता. लेकीच्या समोरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची म्हणजे पेटी किती हलते ती, खालची म्हणजे किरण पोचतो का ती.

वरची रेघ अगदी शांत झाली. लेक म्हणाली, "आता येईल."

खालची रेघ थोडा वेळ उंच गेली आणि खाली बसली. मग तशीच पडून राहिली. बार्शीटाकळीहून तिचे साहेब फोनवर सारखं विचारत होते आणि ती सारखं सांगत होती, "सर, पेटीतल्या कॅमेऱ्याच्या मते निशाणा बरोबर आहे. अगदी मधोमध आहे." तासाभरानं वर वारं उठलं असावं. वरची रेघ वेडीवाकडी नाचू लागली. आणि खालची, जी इतका वेळ मेल्यासारखी होती, ती मधूनच उसळायला लागली.

"जमलं," मी म्हणालो.

लेकीनं माझ्याकडं पाहिलंच नाही. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पेटी स्थिर असताना किरण हरवतो आणि हलायला लागली की सापडतो, यात तिला इतकं काय खुपलं हे मला कळेना. आलं ते चांगलं, एवढंच माझं गणित. मी चहा आणून दिला, तो तसाच निवून गेला.

दुपारी फुग्यापासून पेटी सोडवली गेली आणि छत्रीला लटकून मूर्तिजापूरच्या पलीकडं उतरली. ठिकाण लेकीच्या मोबाइलवर दिसत होतं. गेलो तर कपाशीच्या वावरात, शेवटच्या वेचणीला आलेल्या झाडांवर नारिंगी छत्री पसरलेली आणि पेटी जागेवर नव्हती. ती वावराच्या मालकिणीनं उचलून कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, ठेवली होती.

बाई पन्नाशीच्या असतील. नवरा बाजाराला गेलेला. कोठ्याच्या दारात त्या उभ्या होत्या आणि दारातून हलत नव्हत्या.

"हे सरकारचं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, कंपनीचं आहे," मी म्हणालो. "सरकारची परवानगी आहे."

"कंपनी कायची?"

"उपग्रहांची."

"उपग्रह सरकारचे नसतात?"

मी लेकीकडं पाहिलं. ती म्हणाली, "काही असतात, काही नसतात, काकू."

"हे पाय बाई," त्या म्हणाल्या, "ते कोनाचं आहे ते तुमचं तुमाले माईत. ते पडलं तवा माह्या गाईनं दावं तोडलं अन् पयाली. अजून आली नाई. माही गाय आना, तुमची पेटी न्या."

यात समजायला कठीण काही नव्हतं. त्या दिवसातलं बहुधा तेवढंच मला पूर्ण समजलं.

गाय रेल्वेच्या बाजूला गेली असं एकानं सांगितलं, म्हणून आम्ही दोघं बंद पडलेल्या नॅरोगेजच्या रुळांवरून चालत निघालो. रुळांत गवत आणि तरोटा वाळून उभा होता. दोन्हीकडं तूर. लेक पुढं चालत होती. मी म्हणालो, "तू नाराज काहून आहेस ते मले सांग तरी. शेवटी सिग्नल आला ना?"

ती थांबली. "बाबा, मले काहीच समजून नाही राहिलं."

मला वाटलं गाईबद्दल म्हणते.

"पेटी हलायला नको म्हणून मी किती मेहनत घेतली. ती जितकी स्थिर, तितका किरण बरोबर बसणार, हे धरून सगळं बांधलं. अन् झालं उलटं. कॅमेरा म्हणते निशाणा बरोबर आहे. मंग किरण कुठी जात होता? आता साहेब विचारतील. मी काय सांगू?"

ती रुळावर बसली. मीही बसलो. इतकी वर्षं मी असं धरून चाललो होतो की तिला सगळं समजतं आणि मला नाही, आणि आमच्या फोनवरच्या गप्पा जेवणापाशी थांबतात त्या म्हणूनच. तिलाही कळत नसेल हे मनात आलंच नव्हतं. तिच्यासाठी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याबरोबर एक प्रकारचं बरंही वाटलं आणि ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

"'विचारून सांगतो' म्हण साहेबांले," मी म्हणालो.

"कोणाले विचारू?"

मग ती उठली आणि म्हणाली, "ते पाहा."

जरा पुढं, रुळाला फाटा फुटतो तिथं, एक पांढरी गाय तुटलेलं दावं गळ्यात घेऊन आरामात चरत होती. लेकीला गाय धरता येत नव्हती. मलाही फारसं येत नव्हतं. मी बापजाद्यांचं गाव लहानपणीच सोडलेला माणूस. दावं धरलं तर गायच आम्हाला ओढत वावरात शिरली, तिनं तुरीतून फिरवून आणलं आणि मग आपल्याच मनानं घराच्या वाटेला लागली. आम्ही मागं. बाईंनी लांबूनच ते पाहिलं असावं, कारण आम्ही पोचलो तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पेटी त्यांनी दिली. पण आधी ती उघडून दाखवायला लावली. लेकीनं झाकण काढलं. आत एक लहान आरसा, दोन भिंगं, वायरींचे गुच्छ. "एवढंच?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला जेवू घातलं. भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी होती. लेक जेवता जेवता पेटीकडंच बघत होती.

पुढच्या रविवारी विहारात मी उपग्रहांचं सांगायला उभा राहिलो. सांगता सांगता गाईवर आलो आणि लोकांनी गाईचंच जास्त ऐकलं. तलाठ्यानं शेवटी विचारलं, "पन मंग किरन गेला कुठी?" मी म्हणालो, "तेच शोधणं चालू आहे."

ते शोधणं अकोल्यातच झालं. लेकीनं रजा वाढवली. दिवसभर आमच्या पुढच्या खोलीत पेटी उघडून बसायची. खोलीत तर सगळं बरोबर चालत होतं. भिंतीवर लावलेल्या कागदावर किरण जिथं पडायला हवा तिथंच पडायचा. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, वर फार थंडी असते. बर्फाच्याही खाली. इथं तेवढी थंडी कुठी मिळेल?"

माझा एक जुना विद्यार्थी एमआयडीसीत आइस्क्रीमचं गोदाम सांभाळतो. त्याला फोन केला. त्याला वाटलं सरांच्या घरी लग्न आहे.

आम्ही स्वेटर, मफलर, हातमोजे घालून त्या गोदामात गेलो. बाहेर अकोल्याची दुपार आणि आत तोंडातून वाफ. लेकीनं पेटी एका टोकाला खोक्यांवर ठेवली, दुसऱ्या टोकाला भिंतीशी एक दिवा लावला. पेटीच्या कॅमेऱ्यानं त्या दिव्याकडं बघायचं आणि किरण बरोबर त्या दिव्यावर पाडायचा. किरण डोळ्यांना दिसत नव्हता, पण तिनं मला दिलेल्या एका खास कार्डावर त्याचा हिरवट ठिपका उमटत होता. ते कार्ड दिव्यापाशी धरून उभं राहायचं, हे माझं काम.

पहिल्यांदा ठिपका दिव्याला चिकटून होता. पेटी गार होत गेली तसा तो सरकायला लागला. इतका हळू, की आधी मला वाटलं माझाच हात हलतोय.

"सरकून राहिला," मी म्हणालो.

"कॅमेरा काय म्हणते माहीत आहे? मधोमध." तिचा आवाज बदलला होता. "बाबा, नीट पाहा. कोणत्या बाजूला?"

"डावीकडं. आता कार्डाच्या बाहेर गेला."

ती धावत माझ्यापाशी आली आणि स्वतः पाहिलं. मग गोदामातच खोक्यावर बसून तिनं मला सांगितलं आणि या वेळी मी मान हलवली ती समजून. कॅमेरा आणि लेझर एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी बसवले होते. थंडीनं तो पत्रा केसभर वाकायचा. कॅमेरा दिव्याकडं बघत राहायचा आणि लेझर भलतीकडं. आइस्क्रीमच्या गोदामात ती चूक कार्डाएवढी होती, पण मूर्तिजापूरच्या आभाळातून बडनेऱ्यापर्यंत येताना किरण गच्ची सोडून कुठल्या कुठं पडत होता. पेटी स्थिर असली की तो स्थिरपणे चुकायचा. हलायला लागली की हेलकाव्यात मधूनच गच्चीवरून जायचा आणि तेवढ्यापुरती रेघ उसळायची.

"मंजे हलणं चांगलं नव्हतंच," मी म्हणालो.

"नव्हतंच. मी उगाच घाबरली."

साहेबांना तिनं गोदामाच्या दारातूनच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. चाचणीच्या दिवशी सुरुवातीला खालची रेघ थोडा वेळ उंच गेली होती, तेव्हाही पेटी चांगलीच गार झालेली होती आणि हलतही नव्हती. मग तेव्हा किरण कसा पोचला? लेकीचा चेहरा पुन्हा पडला. आम्ही घरी येताना आइस्क्रीमचा एक डबा घेऊन आलो, विद्यार्थ्यानं दिलेला, आणि खाताना ती तेच बोलत होती. ऊन एका बाजूनं पडलं असेल, पेटी फिरली असेल, पत्रा उलटीकडूनही वाकला असेल. बायको म्हणाली, "आधी खाऊन घे." ते कोडं तिनं तसंच ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीचे लोक पुन्हा आले. नवीन पेटीत येणारा आणि जाणारा उजेड एकाच भिंगातून जाईल अशी तिनं सोय केली होती आणि पत्र्याच्या जागी थंडीत जवळजवळ न वाकणारा धातू होता. या वेळी बायकोही बडनेऱ्याच्या गच्चीवर आली, डबा घेऊन. वरची रेघ शांत झाली आणि खालची वर गेली ती वरच राहिली. वारं आलं तेव्हा जराशी थरथरली, पडली नाही. बार्शीटाकळीहून आलेला निरोप मूर्तिजापूरच्या वरून वळून बडनेऱ्यात उतरत होता. साहेब फोनवर हसत होते. लेक खुर्चीतून उठून आईच्या गळ्यात पडली.

मी विचारलं, "निरोप काय आला पण?"

"काहीच नाही, बाबा. नुसते शून्य अन् एक. काय पाठवलं ते आपल्याले आधीच माहीत असते. जसंच्या तसं येते का, तेवढंच पाहायचं."

"मंजे जे माहीत आहे तेच तिकडून मागवलं?"

"हाव."

मी परत गोंधळलो, पण तिला एवढं खुश पाहून पुढं काही विचारलं नाही.

या वेळी पेटी लोणारी गावाच्या बाजूला एका पडीक जमिनीत उतरली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. आता ती बंगलोरहून आठवड्यातून दोनदा तरी फोन करते. परवा म्हणाली की कंपनी फुग्याऐवजी उन्हावर चालणाऱ्या, महिनोन् महिने वरच फिरणाऱ्या बिनमाणसाच्या विमानाचा विचार करते आहे आणि त्याच्यात पेटी टांगलेली नसणार, पोटात बसवलेली असणार.

"मंग तुह्या पेटीचं काय?" मी विचारलं.

"विमान थरथरते बाबा, सारखंच. फुग्यासारखं हेलकावत नाही, बारीक बारीक थरथरते. त्याचं काय करायचं ते मले अजून समजलं नाही."

"बरं," मी म्हणालो. "कसं थरथरते ते सांग."

तिनं सांगायला सुरुवात केली. बायकोनं मला जेवायला हाक मारली, तर मी हातानंच थांब म्हटलं.